डॉ. कमलाबाई सोहोनी : चरित्र व कार्य

पहाटेच्या वेळी आमच्या कळंब गावाच्या रस्त्याने जावे, तर दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीकडे निघालेली माणसे भेटतात. आणि दिवस वर आला की त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांस कांद्याबटाट्याची हिरवी शिवारे उन्हात चमकू लागतात. दूध आणि पान या वस्तू आम्हां कळंबकरांच्या इतक्या नित्याच्या परिचयाच्या आहेत, की त्यांत जाणून घेण्याजोगे काही उरले असेल, असे आमच्या मनातही येत नाही. परंतु ज्यास आपण शास्त्र म्हणतो, ते अशा नित्याच्या वस्तूंपाशी थांबून प्रश्न विचारण्यातूनच जन्मास येते. दूध नासते का? पान श्वास कसे घेते? गरिबाच्या ताटातील कडधान्य अंगी कितपत लागते? असे प्रश्न विचारण्यात जिने आपले आयुष्य वेचले, आणि ते विचारण्याचा अधिकार मिळविण्यासाठीच जिला प्रथम झगडावे लागले, अशा एका महाराष्ट्रीय विदुषीचे चरित्र आम्ही यंदा आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूर येथे १९०९ साली स्थापन झालेल्या व लोकांत टाटा संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय विज्ञान संस्थेतून जे अगदी पहिले विद्यार्थी शिकून बाहेर पडले, त्यांत या दोघा बंधूंची गणना होते. लोकसाहित्याच्या गाढ्या अभ्यासक व १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी होत. एका बहिणीने शब्दांचा शोध घेतला, दुसरीने द्रव्यांचा. ज्या घरात मुलगा आणि मुलगी असा भेद न करता दोघांच्याही हाती पुस्तक दिले जाते, त्या घरातून काय निपजू शकते, याचे हे उदाहरण पालकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९३३ साली कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी संपादन केली. मुख्य विषय रसायनशास्त्र व दुय्यम विषय पदार्थविज्ञान. वडिलांनी व चुलत्यांनी जेथे विद्या मिळविली, त्याच बंगळूरच्या संस्थेत जाऊन पुढील संशोधन करावे, हा त्यांचा मनोदय स्वाभाविकच होता. त्याप्रमाणे त्यांनी अर्ज केला. गुणांची उणीव नव्हती, विषयाची आवड होती, घरच्यांचा पाठिंबा होता. तथापि अर्ज नाकारण्यात आला, आणि त्याचे कारण एवढेच, की अर्ज करणारी व्यक्ती स्त्री होती.

संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी हिंदुस्थानचे नाव जगभर केले होते, आणि त्यांच्या विद्वत्तेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु मोठी माणसेही आपल्या काळाच्या समजुतींपासून सर्वस्वी मुक्त असतातच असे नाही. प्रयोगशाळा हे स्त्रियांचे स्थान नव्हे, ही त्या काळाची समजूत होती व रामन यांनीही तीच मानली. एखाद्या मुलीने अशा वेळी डोळे पुसून घरचा रस्ता धरला असता, तर तिला कोणीही दोष दिला नसता. कमलाबाईंनी मात्र तसे केले नाही. त्यांनी बंगळूर गाठले व नकाराचे कारण समक्ष विचारले. महात्माजींच्या शिकवणुकीने भारलेला तो काळ होता. आपणांस प्रवेश मिळेपर्यंत आपण सत्याग्रह करू, असा त्यांनी निर्धार प्रकट केला. अखेर प्रवेश मिळाला, परंतु तो अटींवर. पहिले वर्षभर त्यांनी उमेदवार म्हणून राहावे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीअपरात्रीही, काम करावे, आणि त्यांच्या तेथे असण्याने पुरुष विद्यार्थ्यांच्या कामात व्यत्यय येऊ नये, अशा त्या अटी होत्या. त्यांच्या सहाध्यायांपैकी कोणाही पुरुषावर असली अट नव्हती. हा अपमान कमलाबाई जन्मभर विसरल्या नाहीत. तथापि तो त्यांनी गिळला, कारण आत जाण्याचा तेवढाच एक मार्ग होता.

सुदैवाने त्यांस श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. शिस्तीचे कडक, परंतु खऱ्या विद्यार्थ्याची पारख असलेले असे ते गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभिला. हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या ताटात मांस व अंडी क्वचितच येतात, तेथे अंगी मांस धरण्यास लागणारे प्रथिन मिळावयाचे ते मुख्यतः याच दोन पदार्थांतून. म्हणजे हा अभ्यास सबंध देशाच्या पोटाशी निगडित होता.

दुधाविषयी येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण ज्यांच्या घरी गाईम्हशी आहेत, त्या आमच्या वाचकांस त्यात विशेष गोडी वाटेल. दुधात मुख्य प्रथिन असते ते केसीन. त्याचे अतिसूक्ष्म कण दुधात तरंगत असतात व दुधास जो पांढरेपणा येतो, तो बराचसा त्यांमुळेच. दुधात एक साखरही असते. रात्री आई कोमट दुधास विरजण लावते, तेव्हा ती वस्तुतः त्या दुधात लक्षावधी सजीव जंतूंची पेरणीच करीत असते. हे जंतू दुधातील साखरेवर उपजीविका करतात व तिचे दुग्धाम्लात रूपांतर करतात. आम्ल वाढले की केसीनचे कण एकमेकांस बिलगतात, आणि सकाळी भांड्यात घट्ट दही तयार असते. विरजणाच्या जंतूंतही धान्याप्रमाणे निरनिराळे वाण आहेत; काही उबेत जोमाने वाढतात, काही थंडाव्यात, आणि त्याप्रमाणे दह्याची चव व घट्टपणा पालटतो. परंतु धुतल्यावाचून राहिलेल्या किटलीतून किंवा मळक्या हातांतून शिरणारे जंतू या घरच्या जंतूंसारखे सालस नसतात. अनुकूल उबेत काही जंतूंची संख्या अर्ध्या तासाच्या आतच दुप्पट होते. संध्याकाळी काढलेले दूध उन्हाळ्यात सकाळपर्यंत का टिकत नाही, याचा उलगडा या एका आकड्यात आहे.

ज्या विद्यार्थ्यांस याचा प्रत्यय पाहावयाचा असेल, त्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली एक सोपा प्रयोग करावा. एका परीक्षानळीत ताजे दूध व दुसरीत बराच वेळ उघडे राहिलेले दूध घ्यावे, दोहोंत मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या विरल द्रावणाचे सारखेच थेंब टाकावेत, आणि नळ्या बुचे लावून कोमट पाण्यात उभ्या कराव्यात. ज्या दुधात जंतू अधिक, त्यातील निळा रंग लवकर नाहीसा होतो; कारण जंतूंच्या श्वसनक्रियेचा परिणाम त्या रंगावर होतो. श्वसन ही केवळ नाकाने करावयाची गोष्ट नसून प्रत्येक सजीव पेशीत चालणारी रासायनिक क्रिया आहे, हे यावरून स्पष्ट होते. कमलाबाईंच्या पुढील संशोधनाचा विषय हाच होता, म्हणून हा प्रयोग येथे मुद्दाम सांगितला.

उमेदवारीचे वर्ष संपले, तेव्हा कमलाबाईंची चिकाटी व कामातील चोखपणा यांविषयी रामन यांची खात्री पटली होती. त्यांस नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली. इतकेच नव्हे, तर संस्थेचे दार तेव्हापासून इतर मुलींसही खुले झाले. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पदवी विशेष गुणवत्तेसह मिळविली. एकीने सोसलेल्या वर्षामुळे मागाहून येणाऱ्या कित्येकींची वाट सुकर झाली. पदवीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, मोल आम्ही या गोष्टीस देतो.

यानंतर शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई इंग्लंडास केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स हे होते. जीवनसत्त्वांविषयीच्या कार्याबद्दल १९२९ सालचे नोबेल पारितोषिक त्यांस विभागून मिळालेले होते. तेथे प्रथम डेरेक रिक्टर व पुढे रॉबिन हिल यांच्यासमवेत कमलाबाईंनी काम केले. हे हिल म्हणजे, पानातून वेगळे काढलेले हरितकणही प्रकाशात प्राणवायू सोडू शकतात, असे १९३७ साली दाखवून देणारे शास्त्रज्ञ. वनस्पतींच्या अंतरंगाचा अभ्यास करण्यास याहून उत्तम सोबत मिळणे कठीण होते.

आता पानाकडे वळू. रिओसारख्या झाडाच्या पानाच्या खालच्या अंगाची पातळ साल सोलून ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर तीत असंख्य बारीक छिद्रे दिसतात. यांस पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंस घेवड्याच्या बीसारख्या दिसणाऱ्या दोन रक्षक पेशी असतात. त्या पाणी शोषून फुगल्या म्हणजे बाहेरच्या अंगाला वाकतात व रंध्र उघडते. त्यांतील पाणी कमी झाले म्हणजे त्या सैल पडून रंध्र मिटते. या दारातून अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू आत येतो, प्राणवायूची ये-जा होते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. भर दुपारी पाणी तुटलेल्या शेतातील पिके माना टाकतात, तेव्हा हीच दारे मिटून घेऊन ती आपल्यातील उरलेसुरले पाणी राखीत असतात. परंतु दार मिटल्यामुळे कार्बन डायऑक्साइडही येईनासा होतो व वाढ खुंटते. पिकास वेळेवर पाणी देण्याचे महत्त्व यावरून कळावे.

आता, ही दारे उघडण्यास जी शक्ती लागते, ती कोठून येते? क्षार आत ओढून घ्यावे व त्यामागून पाणी यावे, यासाठी रक्षक पेशींस शक्ती खर्चावी लागते. आणि तिचा एक मोठा भाग श्वसनातून मिळतो. प्रत्येक जिवंत पेशी अन्नाचे सावकाश ज्वलन करून शक्ती मिळविते. या ज्वलनात सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिने मध्यस्थाचे काम करतात. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात पोहोचवणी होत अखेर प्राणवायूशी गाठ पडते. केंब्रिजमधील डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोमकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. परंतु उच्च वनस्पतींत हे कार्य कसे चालते, यावर पुरेसा प्रकाश पडलेला नव्हता. कमलाबाईंनी या प्रश्नास हात घातला, आणि त्यासाठी जी वनस्पती वापरली, ती ऐकून आमच्या आंबेगाव तालुक्यातील मुलांस मौज वाटेल. ती वनस्पती म्हणजे बटाटा! सातगाव पठारावर जो पिकतो व मंचरच्या बाजारात ज्याचे ढीग लागतात, तोच हा बटाटा. मातीखाली, अंधारात, निश्चल पडलेला हा कंदही श्वास घेत असतो, त्याच्याही पेशींत सायटोक्रोम सी आपले काम करीत असते, आणि अशी व्यवस्था वनस्पतींच्या ऊतींत सर्वत्र असते, असा त्यांच्या संशोधनाचा निष्कर्ष होता. १९३९ साली हिल व कमलाबाई यांच्या नावांनी या विषयावरील निबंध 'नेचर' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी केंब्रिजने त्यांस पीएच.डी. पदवी दिली. हे सारे काम त्यांनी सुमारे १४ महिन्यांत पुरे केले व त्यांचा प्रबंध अवघा ४० पृष्ठांचा होता. उत्तरपत्रिकेस पुरवण्यांवर पुरवण्या जोडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा आकडा ध्यानी धरावा. ज्याच्यापाशी सांगण्याजोगे सत्य असते, त्यास पानांची भीड नसते. विज्ञानात पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून कमलाबाईंची गणना होते.

परदेशी राहून मानाची व सुखाची नोकरी करणे त्यांस अशक्य नव्हते. परंतु देश स्वातंत्र्यासाठी झगडत असता आपली विद्या देशाच्या कामी पडावी, या भावनेने त्या १९३९ साली परत आल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाच्या प्रमुख म्हणून व नंतर कुन्नूर येथील पोषण संशोधनशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या, व तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापन व संशोधन करू लागल्या.

मुंबईतील त्यांच्या संशोधनाकडे पाहिले, म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. विषय निवडताना त्यांची नजर सदैव गरिबाच्या चुलीवर होती. कडधान्यांत काही द्रव्ये अशी असतात, की ती आपल्या पोटातील ट्रिप्सिन या पाचक रसाचे काम अडवून धरतात, आणि खाल्लेले प्रथिन अंगी लागू देत नाहीत. कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडील कडधान्यांतील या द्रव्यांचा शोध घेतला; १९५४ व १९५५ सालांत त्यांचे या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाले. उष्णतेने या द्रव्यांचा जोर बराच ओसरतो. तेव्हा कडधान्य चांगले शिजवून खावे, हा आमच्या आजीबाईंचा परिपाठ शास्त्राच्या कसोटीसही उतरतो.

दुसरा विषय नीरेचा. ताडमाडांच्या जातीच्या झाडांपासून सूर्योदयापूर्वी मिळणारा हा गोड रस आंबू दिला नाही, तर त्यास मादकता येत नाही. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेची परीक्षा केली. तीत जीवनसत्त्वे व लोह यांचा चांगला साठा असून, तिच्यापासून केलेल्या गुळातही ही द्रव्ये टिकतात, असे त्यांस आढळले. कुपोषित आदिवासी बालकांस व गरोदर स्त्रियांस नीरा दिली असता त्यांच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा दिसून आली. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईस दूध पुरविणाऱ्या आरे दुग्धप्रकल्पासही दुधाचा कस सुधारण्याच्या कामी त्यांचा सल्ला लाभला. बंगळूरच्या प्रयोगशाळेत ज्या दुधापाशी त्यांचे संशोधन सुरू झाले, ते अशा रीतीने शहरातील मुलांच्या पेल्यापर्यंत येऊन पोहोचले.

इतके होऊनही पूर्वग्रहांनी त्यांची पाठ सोडली नाही. इन्स्टिट्यूटच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असताना अंतर्गत राजकारणामुळे त्यांस चार वर्षे त्या पदापासून दूर ठेवण्यात आले. १९३३ साली जे दार बाहेरून बंद होते, ते आतूनही बंद असू शकते, याचा हा दुसरा अनुभव. अखेर ते पद त्यांस मिळाले, व एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या त्या पहिल्या स्त्री संचालक झाल्या.

१९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन ग्राहकांच्या हितासाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापिली, तीत कमलाबाई होत्या. भेसळ कशी ओळखावी, वजनमापात फसगत कशी टाळावी, हे सामान्य गृहिणीस समजावून देण्याचे काम त्यांनी आपल्या विद्वत्तेस कमीपणा आणणारे मानले नाही. १९८२-८३ मध्ये त्या या संस्थेच्या अध्यक्षा होत्या, व तिच्या 'कीमत' या मासिकात त्या लेखही लिहीत. पुढे पुष्कळ वर्षे त्यांचे नाव लोकांच्या विस्मरणात गेले. वृद्धापकाळी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यांस दिल्लीस सन्मानाने बोलाविले. त्या सत्कारसमारंभातच त्या कोसळल्या, आणि त्यानंतर लवकरच, १९९८ साली, त्यांचे देहावसान झाले.

हे चरित्र संपविताना पालकांशी दोन शब्द बोलण्याची आम्ही परवानगी घेतो. आमच्या इतक्या वर्षांच्या अध्यापनात आम्ही एक दृश्य वारंवार पाहिले आहे. विज्ञानाच्या तासास पुढच्या बाकावर बसून नेमका प्रश्न विचारणारी एखादी मुलगी सुट्टीनंतर शाळेत येत नाही. चौकशी करता कळते, की लग्न ठरले, किंवा धाकट्या भावंडांस सांभाळण्यास घरी कोणी नाही, किंवा पुढील शिक्षणासाठी मंचर अथवा नारायणगावास जाणे घरच्यांस पसंत नाही. या प्रत्येक कारणामागे घरची अडचण असते, हे आम्ही जाणतो. तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तो रिकामा बाक पाहिला, की आमच्या मनात येते, रामन यांनी दार बंद केले तेव्हा कमलाबाईंच्या पाठीशी निदान त्यांचे घर तरी उभे होते. घरानेच दार लावले असते, तर त्या सत्याग्रह कोणापाशी करणार होत्या?

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस सांगणे एवढेच. उद्या सकाळी दुधाची किटली उचलाल, बटाट्याच्या वाफ्यात पाणी सोडाल, तेव्हा क्षणभर थांबा व एखादा प्रश्न मनाशी विचारा. उत्तर येत नसेल, तर तो शाळेत घेऊन या. मुलींनीही यावे; किंबहुना त्यांनी अगोदर यावे. आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच आहे, परंतु त्यातून पाहण्यासाठी कोणावर कोणतीही अट नाही.